रकाना

जूनमध्ये ऑर्कनी बेटांवर रात्र होत नाही,
उजेड नुसता डोळे मिटून पडतो घटकाभर.
म्हणून जून ठरला.
खेळणारे दोघे: एर्लेंड फूबिस्टर, फेरीबोटीच्या इंजिनावरचा,
आणि सिगर्ड इस्बिस्टर, टपाल वाटणारा.
मेंढ्यांच्या कुंपणावरून आठ वर्षं अबोला;
पण आमच्यात टेनिस धड येतं ते या दोघांनाच,
मग करणार काय.

साठ तास. तासाला पाच मिनिटं विसावा,
न घेतला तर साठवता येणारा.
पैसे डायलिसिसच्या यंत्रासाठी.
आठवड्यातून तीनदा समुद्र ओलांडणारी माणसं
आम्हाला धक्क्यावर दिसतात,
परतताना कुणी कुणाशी बोलत नाही.
माझा विली त्यांतलाच. ते असो.

मी साक्षीदार, पहाटे दोन ते सहा.
चाळीस वर्षं शाळेत हजेरी घेतली
म्हणून वही माझ्याकडे आली.
रकाने पाच: वेळ, गेम, गुण, विसावा,
आणि शेवटचा, ‘पाहिले’. त्यापुढे सही.

पहिल्या रात्री असे हाणत होते
की प्रत्येक सर्व्हिस म्हणजे कुंपणाचा एकेक खांब.
दुसऱ्या रात्री सिगर्डच्या तळव्याचं कातडं सोलून निघालं.
एर्लेंडनं खिशातलं बँडेज जाळीवरून फेकलं.
यानं झेललं. आभार नाहीत.
मी लिहिलं नाही; त्याला रकाना नव्हता.

बेचाळिसाव्या तासाला एर्लेंड
जाळीपलीकडे बघून ‘आई’ म्हणाला.
सिगर्ड जरा थांबला,
आणि पुढचा चेंडू हळू टाकला.

तिसऱ्या पहाटे समुद्रावरून धुकं आलं.
आधी मागची भिंत गेली, मग एर्लेंड,
मग जाळी, मग सिगर्ड,
मग माझ्या हातातली पेन्सिलसुद्धा.
पंचावन्न तास झालेले.
वाटलं, आता थांबतील.

टप्प.
मग बराच वेळ काही नाही.
मग तातेवर थाप, आणि पुन्हा टप्प.
‘आला!’ एक ओरडे.
‘घेतला!’ दुसरा.
आठ वर्षांत शुद्धीवर बोललेले
हे पहिले शब्द.
चाळीस मिनिटं मी कान लावून बसले
आणि जे ऐकू आलं ते मोजलं.

धुकं उठलं तेव्हा दोघं जागच्या जागी,
भुवयांवर दव.
पुढचे तास कसेबसे ओढले त्यांनी.
साठ भरले, चर्चची घंटा वाजली,
मासळीच्या पिवळ्या बादलीत लोक नोटा टाकत राहिले.

आणि वही सहीला आली.
चाळीस मिनिटं. ‘पाहिले’.
मी पाहिलं नव्हतं.
तेवढ्या ओळींवर शब्द खोडला
आणि वर लिहिलं: ‘ऐकले’.

समितीनं विक्रम धरला नाही.
खाटीक ड्रेव्हर दुप्पट देणार होता, तो मागे सरला.
त्याचा शब्द विक्रमाला होता, त्याचंही खरंच.
यंत्राला अजून नऊशे पौंड कमी पडतात.
दुकानात माझ्याशी बोलणं आखडतं झालं.
‘एका शब्दाचाच तर प्रश्न होता, थोरा,’
पाद्री म्हणाला. पाद्रीसुद्धा.

मंगळवारी सिगर्ड टपाल घेऊन आला,
हाताला अजून फडकं.
पाकीट दिलं आणि उभाच राहिला.
आता हा काय बोलणार, म्हणून मी दाराची कडी धरली.
‘बाई, धुक्यातला तो लांबचा चेंडू.
मी म्हणतो बाहेर, तो म्हणतो आत.
तुम्ही काय ऐकलंत?’
मी म्हटलं, मातीवर पडला तर बोदा वाजतो.
तो रेषेच्या पट्टीवर वाजला होता, टणक.
‘म्हणजे आत,’ तो म्हणाला, थोडा हिरमुसून,
पिशवी खांद्यावर घेतली,
आणि रस्ता सोडून
कुंपणावर टांग टाकून
हे सांगायला एर्लेंडकडे गेला.